गोटा टायरांचा आहेर

रामहरीनं टायरला अंगठा लावायचं सोडलं, त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं, विजयमालेनं, डूख धरला.

इंदापूरच्या बायपासला, सोलापूरच्या अंगाला त्यांचं टायरचं दुकान. ट्रकची, ट्रॅक्टरची, उसाच्या ट्रॉलीची, नवी म्हणा की रिमोल्ड म्हणा, सगळी टायरं तिथं. गिऱ्हाईक आलं की रामहरी आधी चहा सांगायचा, मग गाडीभोवती फिरून एकेका टायरच्या खांद्यावर अंगठा दाबायचा. डोळे मिटून. पोरीच्या कपाळाचा ताप बघावा तसा. मग बोलायचा, "ह्ये कारखान्याचा हंगाम सरंस्तवर जाईल. ह्ये मागचं मातूर आजच काढा, टेंभुर्णीच्या पुढं न्हाय जायचं." ड्रायव्हर कितीही तिरसट असला तरी मुकाट जॅक लावायचा. अंगठा म्हणजे निकाल. त्यावर अपील नाही.

आता दोन वर्षं झाली, चहा येतो, अंगठा येत नाही. "बघा बुवा, तुमचं तुमी ठरवा," एवढंच म्हणून रामहरी रस्त्याकडं बघत बसतो. दुकान चालतं, धंदा होतो. पण माणूस लोलक काढून नेलेल्या घंटेसारखा. हलवली तर हलते, वाजत नाही.

आणि लोलक काढून नेणारा कोण, तर सख्खा व्याही. बारामतीचे रणजितराव.

हे सगळं झालं खेळण्यातल्या गाड्यांपायी. खेळण्यातल्या म्हटलं की रामहरीला राग यायचा, म्हणून रिमोटच्या बग्ग्या म्हणू. हातभर लांब, वाटीएवढी चाकं, बॅटरीवर पळणाऱ्या. एकेक पळते ती अशी, की कुत्र्यानं मागं लागायचं ठरवेपर्यंत ती दिसेनाशी झालेली असते. बारामतीत शहबाज नावाच्या पोराच्या मामांचं पेंडीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. शहबाज आठवडाभर लोणी देवकरच्या कंपनीत कामाला, रविवारी मोकळा. त्यानं पत्र्याच्या त्या गोदामात लाल माती चाळून अंथरली, चढ-उतार आणि वळणं काढली, धुम्मस केली, वरून गुळाचं पाणी शिंपडलं आणि शर्यती सुरू केल्या. त्याच्याकडं माइक होता, म्हणजे सगळंच होतं.

गुळाच्या पाण्यानं माती अशी बसते, की पाच-सहा शर्यती झाल्या की गाड्यांच्या वाटेवर काळा चकचकीत पट्टा उमटतो. तव्यासारखा. तिथं आपल्याकडचं शहाणपण उलटं फिरतं. शेतात, चिखलात, मुरमात कसं, जेवढा खोल काटा तेवढं टायर भारी. त्या काळ्या पट्ट्यावर काट्याचं टायर म्हणजे तेलकट फरशीवर खिळ्यांचे बूट. काटे मुडपतात, गाडी लटपटते, आणि वळणावर उताणी. तिथं लागतं गोटा टायर. झिजून टक्कल पडलेलं, हायवेवर दिसलं तर पोलीस पावती फाडील असलं. पण माती नवी असली, वर धूळ असली, तर गोटा टायर साबणासारखं सुटतं. तिथं बारीक काट्याचंच हवं. म्हणजे खरी अक्कल कशात, तर धूळ कधी संपणार आणि पट्टा कधी उमटणार हे ओळखण्यात. ज्याला ते कळलं त्याची निम्मी शर्यत चाकं बसवतानाच झाली.

रामहरीला ते कळायचं. रणजितरावांनाही कळायचं. दोघांची दोस्ती त्या गोदामातलीच, आणि दोस्तीतूनच सोयरीक जमली. विजयमालेची श्रेया रणजितरावांच्या ऋषिराजला दिली. लग्न झालं, आणि दोस्त होते ते व्याही झाले. इथं घोटाळा झाला. दोस्त एका पातळीवर बसतात. व्याह्यांमध्ये एकाचा पाट नेहमी दोन बोटं वर असतो, आणि तो मुलीच्या बापाचा नसतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच मोठ्या शर्यतीला रणजितरावांनी शहबाजच्या हातातून माइक घेतला. "आमचं पावणं आल्यात इंदापूरहून. मोकळ्या हातानं कसं खेळवायचं?" आणि भर गोदामात रामहरीला आहेर केला. टॉवेल, टोपी, नारळ, आणि वर चार टायरं. रिमवर चिकटवून तयार, मोठ्या काट्याची, नवीकोरी.

आहेराची टोपी खिशात घालता येत नाही. देणाऱ्याच्या समोर डोक्यावर घालावी लागते, मग ती कानावर येवो की टाळूवर तरंगो. टायरांनाही तोच कायदा लागला. रामहरीनं काट्यावर अंगठा दाबला. समोरच्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं. पुन्हा दाबला. विजयमाला खुर्चीत बसून बघत होती. तिनं तो अंगठा अडखळलेला पाहिला. मग रामहरीनं टोपी घातली, हसला, आणि आपली झिजवून तयार केलेली गोटा टायरं काढून व्याह्याची बसवली.

पहिल्याच वळणाला बग्गी उताणी. वळणावर उलटलेली गाडी सरळ करायला आधीच्या शर्यतीतले लोक उभे राहतात, तशी तिथली रीत आहे. पण त्या वळणावरचा पठ्ठ्या मोबाइलवर शूटिंग करण्यात दंग. बग्गी उताण्या झुरळासारखी पाय झाडत राहिली. पुन्हा सरळ केली, पुन्हा उताणी. आणि माइकवरून रणजितरावांचा आवाज आला, "अरं, टायरवाल्यालाच टायर कळंना!"

अख्खं गोदाम हसलं. पत्रा हसला. ते शूटिंग या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जात पार मोहोळपर्यंत गेलं. ड्रायव्हर लोक दुकानात आले की म्हणायचे, "रामहरीशेठ, टायर तुमी निवडू नका बरं का, आमचं आमी बघतो." चेष्टाच ती. पण रामहरीनं अंगठा मुठीत घेतला तो घेतला. बग्गी माळ्यावर गेली.

"त्यांनी मुद्दाम दिली," विजयमाला म्हणायची.

"मायेनं दिली गं. मला वाटलं, ह्यो रोज हितं खेळतोय, ह्याला माझ्यापेक्षा जास्त कळत आसंल. चूक माझ्या अंगठ्याची हाय."

"अंगठ्याला कळलं हुतं. मी बघितलंय."

"कळलं आसतं तर मी बसवली आसती का? गप आता. पोरगी दिलीय त्या घरात."

विजयमालेनं ते गिळलं. पण गिळलं म्हणजे पचलं असं नसतं.

* * *

वर्ष गेलं तशी तिनं माळ्यावरची बग्गी उतरवली. "श्रेयाकडं जाऊन येते," म्हणून रविवारी बारामतीची एसटी धरायची. पिशवीत वर मेथीची जुडी, खाली बग्गी. श्रेयाकडं ती खरंच जायची, चहापुरती. बाकीचा वेळ गोदामात. सुरुवातीला तिची गाडी भिंतीला, खांबाला आणि एकदा शहबाजच्या मामांच्या नडगीला धडकली. मामा म्हणाले, "बाई, स्वयंपाक बरा करता का?" पण शहबाज चिवट मास्तर होता आणि ती चिवट शिष्या. काट्याचं, बारीक काट्याचं, गोटा, मऊ, कडक, सगळी टायरं तिनं त्या मातीवर घासून पाहिली. रणजितराव कधीमधी डोकवायचे आणि हसून जायचे. त्यांचं ते हसणं ती बग्गीबरोबर पिशवीत घालून घरी आणायची. वाया काही घालवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण.

यंदा शहबाजनं जुनी माती उकरून नवी अंथरली आणि मोठी शर्यत ठेवली. विजयमालेनं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात आहेराचं ताट दिसलं. लख्ख. वरच्या रुमालासकट.

तिनं मऊ रबराची चार टायरं आणवली आणि ती गोटा करायला बसली. आधी दुकानातल्या मशिनवर धरली, तर ती तापून फुगली. काचपेपरनं घासली तर रबरावर लव उठली. शेवटी सापडला तो पाटा. स्वयंपाकघरातला. टाकी लावून बरीच वर्षं झालेला, धड गुळगुळीत नाही, धड खरबरीत नाही. रामहरी दुकानात गेला की ती दार लावायची आणि पाण्याचा हात घेऊन टायर पाट्यावर फिरवायची. टायर तळहातावर घेतलं की रेशमासारखं लागायचं. लहान बाळाच्या टाळूसारखं. रागानं केलेलं काम इतकं मऊ होतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पाटा मग ती राखेनं घासायची आणि त्यावरच शेंगदाण्याची चटणी वाटायची. चटणीला बारीकसा वास यायचा. रामहरी मुकाट खायचा. हल्ली तो सगळंच मुकाट खायचा.

श्रेयाचा फोन आला. "आई, शहबाजदादा म्हणत हुता, तू शर्यतीत नाव दिलंयस. काय शिजतंय?"

"चटणी."

"आई!"

"बरं, एक सांग. तुझ्या सासऱ्याला मी चारचौघांत खाली बघायला लावलं, तर तुला तितं सासुरवास हुईल का?"

फोनवर दार लोटल्याचा आवाज आला. मग श्रेया हसली. "सासूबाई काय म्हणत्यात माहितंय का? म्हणत्यात, ह्या माणसाला देवानं एकदा उताणा पाडावा, मी नारळ फोडते."

"मग नारळ आणून ठिवा म्हणावं."

बेत कुणालाच सांगितला नाही. सांगितला असता तर ऐकणारा म्हणाला असता, बाई खुळी झाली. कारण ती रणजितरावांना वाईट टायरं देणारच नव्हती. पाट्यावर जीव ओतून केलेला तो संच, त्या मातीवर चालेल असा बारामती-इंदापुरात एकमेव, तोच ती ताटात ठेवणार होती. स्वतःला ठेवली होती साधी बारीक काट्याची. रणजितरावांनी आहेर चढवला, तर शर्यत त्यांची, हसं पुन्हा तिच्या घराचं, आणि रामहरीचा अंगठा कायमचा मुठीत. तिचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता. माणूस दुसऱ्याला मापतो ते स्वतःच्या मापानं. रणजितरावांचं माप तिनं दोन वर्षं बघून ठेवलं होतं.

रामहरी शर्यतीला यायला तयार नव्हता. "मला कशाला? लोकांचं त्वांड बघायला?"

"पावण्यांना आहेर करायचाय. त्यांचा आपल्याकडं राहिलाय."

"मग कर की."

"एकटीनं करू? मी काय एकटी हाय? आहेर जोडीनं करत्यात."

 रामहरीनं धुतलेला शर्ट घातला.

* * *

रविवारी गोदाम भरलं होतं. सकाळी माती नवी, वर पिठासारखी धूळ. सगळ्यांनी बारीक काट्याची टायरं बसवली होती. निवड-शर्यतीत रणजितराव पहिले आले. विजयमाला खांबाला एकदा घासून, कशीबशी शेवटच्या जागेवर अंतिम शर्यतीत शिरली. रामहरी मागं पेंडीच्या पोत्यावर बसला होता, कुणाची नजर पडणार नाही अशा बेतानं.

"विहीणबाई, तुमी बी?" रणजितराव मोठ्यानं म्हणाले. "मग चूल कुणावर सोपवली?"

"चुलीला बी रिमोट बसवलाय, पावणं. हितनं दाबलं की तितं भाकरी फुगती."

लोक हसले. रणजितरावही हसले, पण जरा उशिरा.

शर्यतींवर शर्यती होत गेल्या. जेवणं झाली. अंतिम शर्यतीआधी शहबाजनं गुळाच्या पाण्याचा हलका फवारा मारला आणि लोक टायरं बदलायला टेबलांकडं वळले. विजयमाला खाली वाकून माती बघत होती. आतल्या अंगाला, वळणाच्या कुशीत, काळी रेघ उमटत होती. काजळाच्या बोटासारखी. अजून अर्धवट. बघणाऱ्याला दिसली तर दिसली, नाही तर नाही.

तिनं पदर खोचला आणि शहबाजकडं हात पसरला. "माइक दे रं जरा."

मागं पोत्यावर रामहरी उठून उभा राहिला. जोडीनं म्हणजे जोडीनं. दोघं ताट घेऊन रणजितरावांच्या टेबलापाशी गेली. विजयमाला माइकवर म्हणाली, "पावण्यांनी आमच्या मालकांना हितंच आहेर केला हुता. आहेर ठिवून घेऊ न्हाय, फेडावा. आमी गरिबाघरची, गोड मानून घ्या."

टॉवेल. टोपी. टोपी तिनं मुद्दाम एक माप मोठी आणली होती. रणजितरावांनी घातली ती थेट भुवयांपर्यंत आली. नारळ. आणि रुमाल बाजूला सारला, तर चार गोटा टायरं. काळी, मऊ, चमक नसलेली.

टाळ्या पडल्या. शहबाजनं माइक घेतला आणि भाबडेपणानं म्हणाला, "रणजितभाऊ, मग चढवा की. रीत हाय."

रणजितरावांनी एक टायर उचललं. दाबलं. बोटांनी वरून खाली पुसत आणलं.  त्यांना ते आवडलं होतं. टायर ओळखणारा माणूस होता तो, हात खोटं बोलत नाही. त्यांनी मातीकडं पाहिलं, काजळाच्या रेघेकडं पाहिलं, पुन्हा टायरकडं. एकदा तर पाना उचलायला हातही गेला. आणि मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

विजयमाला हसली. विहीण हसते तशी. गोड.

त्या हसण्यानं काम केलं. रणजितरावांनी टायर ताटात टाकलं. "विहीणबाई, मला एवढं खुळं समजू नका."

"का वो? काय चुकलं?"

"ही टायरं तुमच्यापाशीच ठिवा."

"अवं, आहेर हाय. आमच्या मालकांनी न्हाय का तुमचा तितल्या तितं चढवला?"

"आनि काय झालं त्याचं?" रणजितराव टोपी भुवईवरून मागं सारत हसले. "सोयऱ्याला आहेरात कसली टायरं देत्यात, ते मला शिकवू नका. मीच दिलीवती की!"

शहबाजचा माइक चालू होता.

एक-दोघं सवयीनं हसले आणि मध्येच थांबले. ते वाक्य पत्र्याला लागून परत आलं, सगळ्यांना दुसऱ्यांदा ऐकू आलं. पुढच्या खुर्चीवर रणजितरावांच्या मालकीणबाई बसल्या होत्या, राजलक्ष्मीबाई. त्या सावकाश म्हणाल्या, "म्हंजी? तुमी मुद्दाम दिलीवती?"

"अगं मस्करी... मस्करीत चालतं..."

"मला म्हणला हुता, चुकून झालं."

रणजितरावांनी टोपी पुन्हा मागं सारली. विजयमालेनं रामहरीकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं तिला वाटलं होतं. दोन वर्षं ती तोच राग डोळ्यांसमोर आणत आली होती, पाट्यावर टायर घासतानाही. पण रामहरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत हरवलेली वस्तू आपल्याच कनवटीला सापडावी, तसं काहीतरी होतं.

त्यानं ताटातलं टायर उचललं. डोळे मिटले. खांद्यावर अंगठा दाबला. इंदापूरकडचे जे दोन-चार ड्रायव्हर आले होते, त्यांनी माना पुढं काढल्या.

"रणजित," रामहरी म्हणाला. 'राव' गळून पडला होता, त्याचा आवाज कुणालाच आला नाही, पण सगळ्यांना कळलं. "ह्ये टायर ह्या मातीला, ह्या घडीला, सगळ्यात भारी हाय. निम्म्या शर्यतीला पट्टा पूर्ण येतोय. घे. चढव. खरं सांगतोय."

विजयमालेनं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. हा माणूस! एवढा रचलेला डाव, आणि हा भला गृहस्थ गनिमाच्या हातात किल्ली देतोय, वर कुलूप कुठंय ते पण दाखवतोय.

रणजितरावांनी रामहरीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला. "नवरा-बायकू मिळून आलाय व्हय? तुझा अंगठा मला नको सांगूस. उचला ताट."

आणि त्यांनी आपल्या गाडीवर नवीकोरी बारीक काट्याची टायरं आवळायला घेतली. चारी. दात-ओठ खात.

"परत आलेला आहेर घरात ठिवत न्हाईत," रामहरी म्हणाला. "माला, गाडी आण."

विजयमालेनं गाडी आणली, त्यानं तिच्यावर ताटातली टायरं आवळली. मग रिमोट तिनं त्याच्या हातात दिला. शहबाज म्हणाला, "नाव वहिनींचं हाय, पन गाडी तीच, घर तेच. कुनाची हरकत?"

"येऊ दे की," रणजितराव खाली मान घालूनच म्हणाले. "बघू, टायरवाल्याला काय कळतंय."

* * *

रिमोट दिल्यावर विजयमालेला काम उरलं वळणावर उभं राहायचं. तिनं वळण निवडलं ते दोन वर्षांपूर्वीचंच.

शर्यत सुटली. पहिले दोन फेरे रणजितराव पुढं होते आणि रामहरीची गाडी मागं, धुळीवर जरा घसरत, जुन्या चुलीवर नव्यानं स्वयंपाक करणाऱ्या बाईसारखी हात राखून. मग गाड्यांच्या चाकांनी धूळ बाजूला फेकली, गुळाचं पाणी वर आलं, आणि काजळाची रेघ पसरत पसरत अख्ख्या वाटेभर झाली. रामहरीची गाडी तिला अशी चिकटली, जशी मांजर भिंतीला घासत जाते. आवाज नाही, धडपड नाही.

आणि रणजितरावांची बग्गी विजयमालेच्या वळणावर आली, लटपटली, आणि तिच्या पायाशी उताणी पडली. चारी चाकं वर.

गोदामात "ओ!" झालं. विजयमालेनं नियमाप्रमाणं आधी मागून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना वाट दिली. मग खाली बसली. दोन्ही हातांनी बग्गी उचलली, ताटावरचा नारळ उचलावा तशी. पदराच्या शेवानं तिच्यावरची धूळ पुसली. आधी पुढची बाजू, मग मागची.

"अवं, ठिवा की पटकन!" रणजितराव टोपी सावरत ओरडले.

"अशी कशी ठिवू, पावणं? पोरीच्या सासरची गाडी. मान नको का?"

लोक खिदळले. तिनं गाडी सरळ ठेवली, तोंड नीट वाटेकडं करून, वर हलकेच थापटून. "दमानं जावा."

पुढच्या फेऱ्याला ती पुन्हा आली आणि पुन्हा उताणी झाली. विजयमालेनं पुन्हा पदर काढला. या खेपेला चाकातला खडाही काढला, काळजीनं, पोराच्या पायातला काटा काढावा तसा. कुणीतरी ओरडलं, "विहीणबाई, ओटी भरा तिची!" तिसऱ्या खेपेला तिला खरंच वाटलं, कुंकवाचा करंडा आणायला हवा होता. दोन वर्षांत तिनं या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, शाप दिले होते, एकदा तर विहिरीत ढकललं होतं. यातलं काहीही, व्याह्याच्या गाडीला चारचौघांत मान देण्याइतकं गोड लागलं नसतं.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या झाल्या. तिनं मान वर केली तर रामहरीची गाडी केव्हाच रेघ ओलांडून थांबली होती आणि इंदापूरच्या ड्रायव्हरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्याचा अंगठा वर होता. सगळं गोदाम ते बघत होतं. बघितलं नव्हतं ते तिनं एकटीनं. ती गुडघ्यावर बसून रणजितरावांची गाडी पुसत होती.

हे मात्र तिला लागलं. नंतर बरेच दिवस लागत राहिलं. सूड उगवताना माणसाची नजर नको तिथंच अडकते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रणजितराव टेबलाशी येऊन टोपी काढायला लागले, तर राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "डोक्यावरच ऱ्हाऊ द्या. आहेर हाय. घरी जाईस्तवर काढायची न्हाय." श्रेया सासूच्या मागं उभी होती, ओठ दाताखाली धरून. राजलक्ष्मीबाईंनी ताटातला नारळ उचलला आणि दारातल्या दगडावर आपटला. एका दणक्यात दोन भकलं झाली. मोठं भकल त्यांनी विजयमालेच्या हातात ठेवलं. 

* * *

परतीच्या वाटेवर, इंदापूर जवळ आलं तेव्हा, रस्त्याकडेला उसाची एक ट्रॉली उभी होती आणि ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत होता. रामहरीनं दुकानाची पिकअप थांबवली. खाली उतरला, कुणी बोलावलं नव्हतं तरी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, अंगठा दाबला. "भाऊ, डाव्या अंगाचं ह्ये काढा. कारखान्यापतूर न्हाय पोचायचं." ड्रायव्हरनं एकदा वर पाहिलं, एकदा अंगठ्याकडं, आणि तंबाखू टाकून उठला.

रामहरी परत येऊन बसला. गोटा टायरांतलं एक त्यानं मांडीवर घेतलं होतं, गाडी सुरू झाली तरी एका हातानं ते फिरवत राहिला.

"ह्ये एका अंगाला जास्त घासलंय."

"आता एवढं जिंकून आला, तरी खोड काढायचीच?"

"खोड न्हाय. सांगतोय. कशावर घासलं?"

विजयमाला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाट्यावर."

रामहरीनं गाडीचा वेग कमी केला. "तरीच."

"काय तरीच?"

"चटणीला रबराचा वास यायचा."

"मग बोलला का न्हाय?"

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "मला वाटलं, अंगठ्यासारखी जीभ बी गेली माझी."

विजयमालेनं त्याच्याकडं पाहिलं. हसावं की काय करावं ते तिला समजेना, म्हणून तिनं मांडीवरच्या खोबऱ्याच्या भकलातला एक तुकडा दातानं काढून त्याच्या हातावर ठेवला.

"उद्या नवा पाटा आणते," ती म्हणाली.

"नको," रामहरी खोबरं चावत म्हणाला. "आता सवय झालीय. फकस्त लसूण जरा वाढीव."